चिंतन : गीता १८.१४ – विनोबांची पायवाट आणि बाबांची पैठणची वारी



आज अठराव्या अध्यायातला चौदावा श्लोक. कुठलंही काम घडायला पाच कारणं लागतात, असं भगवंत इथे अर्जुनाला सांगतात. पहिलं अधिष्ठान, म्हणजे ज्याच्या आधाराने काम होतं ती जागा. आपलं शरीरही त्यात आलं. दुसरा कर्ता. तिसरी करणं, म्हणजे इंद्रियं आणि साधनं. चौथी चेष्टा, म्हणजे सगळी हालचाल, खटपट. आणि पाचवं दैव. दोनच श्लोक पुढे भगवंत म्हणतात की एवढं सगळं असताना जो एकट्या स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला नीट दिसत नाही.

हा श्लोक वाचून मी याआधी कितीदा पुढे गेलो असेन. आमच्या कामात सर्व्हर बंद पडला की कारणांची यादी काढायची सवय असते. तशीच ही एक यादी, असं समजून सोडून दिलं होतं. या वेळी मात्र अडकलो, आणि त्याला कारण घरातलं आहे.

नाथषष्ठी जवळ आली आहे. गेल्या रविवारी जेवताना बाबांनी जाहीर केलं की या वर्षी ते पैठणला पायी जाणार. आमच्या घरापासून नाथांच्या मंदिरापर्यंत साधारण ५० किलोमीटर. बाबा ६७ वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे आणि उजवा गुडघा अधूनमधून दुखतो. मी तिथल्या तिथे नाही म्हणालो. नुसता नाही म्हणालो असतो तरी चाललं असतं. मी मोबाईलमध्ये त्यांचे जुने रिपोर्ट उघडून एकेक आकडा वाचून दाखवला. आई समोर होती, माझी मुलगी समोर होती. बाबा काही बोलले नाहीत. ताट उचललं, धुऊन ठेवलं आणि खोलीत गेले. तेव्हापासून आमच्यात कामापुरतंच बोलणं चालू आहे.

या चार दिवसांत रात्री मी विनोबांचं चरित्र वाचत होतो. खरं सांगायचं तर मला माझ्या बाजूने पुरावा हवा होता. म्हातारपणी एवढं चालणारा माणूस काहीतरी वेगळ्याच लोखंडाचा बनलेला असणार, सामान्य माणसाने त्याच्या नादी लागू नये, असं काहीतरी सापडेल असं वाटलं होतं. सापडलं ते भलतंच. म्हणून आज श्लोकाचं चिंतन विनोबांच्या आयुष्यावरून करू या.

तांदळाचा दाणा

विनायक नरहरी भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा, पेण तालुक्यातल्या गागोदे गावचा. वडील नरहरपंत नोकरीला बडोद्यात होते, विचाराने विज्ञाननिष्ठ. आई रखुमाई, लौकिक शिक्षण फारसं नाही, पण भक्ती अफाट.

या आईची एक गोष्ट मला फार आवडते. तिने देवाला एक लाख तांदूळ वाहायचा नेम धरला होता. रोज मूठभर तांदूळ घ्यायची आणि एकेक दाणा मोजून वाहायची. वडिलांनी ते पाहून उपाय सुचवला. एक तोळा तांदूळ मोजून घ्यायचे, त्यावरून लाखाचं वजन काढायचं, चुकायला नको म्हणून थोडे जास्त टाकायचे, की काम झालं. मंडळी, मी शपथेवर सांगतो, मीही हेच सुचवलं असतं. आईला उत्तर सुचलं नाही. तिने संध्याकाळी विन्याला विचारलं. मुलगा म्हणाला की हा काही नुसता हिशेबाचा प्रश्न नाही. प्रत्येक दाण्याबरोबर देवाचं स्मरण होतं, त्यासाठी दाणे मोजायचे.

ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

याच आईला गीता समजून घ्यायची होती, पण संस्कृत येत नव्हतं. सोप्या मराठीत, पद्यात गीता मिळेना, तेव्हा तिने मुलालाच सांगितलं की तूच का करत नाहीस. आई १९१८ मध्ये गेली. मुलाने ते काम ऑक्टोबर १९३० मध्ये हातात घेतलं आणि फेब्रुवारी १९३१ मध्ये पुरं केलं. तीच आपली ‘गीताई’.

तब्येतीचा माणूस नव्हे

विनोबांना चालण्याची आवड लहानपणापासून होती. बडोद्यात मित्रांना घेऊन तासन्‌तास भटकायचे. १९१६ च्या मार्चमध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईच्या गाडीत बसले आणि सुरतलाच उतरून काशीची वाट धरली. त्याआधी आपली प्रमाणपत्रं त्यांनी आईच्या चुलीत घातली होती. (माझी प्रमाणपत्रं लॅमिनेट करून कपाटात आहेत.) त्याच वर्षी ७ जूनला अहमदाबादच्या कोचरब आश्रमात ते गांधीजींना भेटले आणि तिथलेच झाले.

पुढच्या वर्षी त्यांनी आश्रमातून रजा घेतली. वाईला नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे उपनिषदं, ब्रह्मसूत्रं शिकले आणि महाराष्ट्रात सुमारे ४०० मैल पायी फिरले. रायगड, सिंहगड, तोरणा पाहिले. वाटेत गावोगावी गीतेवर बोलले. सांगितलेल्या मुदतीत आश्रमात हजर झाले.

हे सगळं विशीतलं. मला आश्चर्य वाटलं ते पुढचं वाचून. १९३८ पर्यंत या माणसाची तब्येत पार ढासळली होती. वजन ८८ पौंडांवर आलं होतं, म्हणजे ४० किलो. गांधीजींनी कुठेतरी हवापालटाला जा म्हणून आग्रह धरला. विनोबांनी लांबचं ठिकाण निवडलं नाही. वर्ध्याजवळच पवनारला जमनालाल बजाजांचा एक बंगला होता, तिथे गेले. जाताना धाम नदीचा पूल लागतो. त्या पुलावर त्यांनी सगळ्या कामांचा, सगळ्या चिंतांचा मनातून त्याग केला. मग रोज थोडी जमीन खणायला सुरुवात केली. आधी अगदी काही मिनिटं, मग हळूहळू वाढवत नेलं. वजनही वाढत गेलं.

त्या खणण्यात एकदा फावडं एका दगडाला लागलं. बाहेर काढलं तर कोरीव शिल्प निघालं, भरत आणि रामाच्या भेटीचं. याला मागचा संदर्भ आहे. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिलं. साने गुरुजींनी ती लिहून घेतली, म्हणून आज आपल्या हातात ‘गीता प्रवचने’ आहेत. बाराव्या अध्यायाच्या प्रवचनात त्यांनी लक्ष्मण आणि भरत अशा दोन प्रकारच्या भक्तांबद्दल सांगितलं होतं. एक रामाजवळ राहणारा, एक दूर राहून रामाचंच काम करणारा. भरतभेटीचं चित्र कुणी काढलं तर किती छान होईल, असं त्यांच्या मनात तेव्हा आलं होतं. काही वर्षांनी ते चित्र दगडात कोरलेलं, त्यांच्याच फावड्याखाली आलं.

आता श्लोकाकडे बघा. अधिष्ठान म्हणजे ती जमीन आणि ते ४० किलोचं शरीर. करण फावडं. चेष्टा रोजची थोडी थोडी खणाई. आणि पाचवं? ते शिल्प काही विनोबांनी पुरून ठेवलं नव्हतं.

पंचावन्नाव्या वर्षी

मार्च १९५१. हैदराबादजवळ शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलन होतं. विनोबांना खरं तर जायचं नव्हतं. पवनारला हाताने शेती करायचा, पैशाशिवाय जगायचा प्रयोग चालू होता. सहकाऱ्यांनी फारच आग्रह केला तेव्हा तयार झाले, पण पायी. ८ मार्चला निघाले. सुमारे ३०० मैल.

त्या वेळी ते ५५ वर्षांचे होते. आज आपण पंचावन्नला म्हातारा म्हणत नाही. पण तेव्हा भारतात सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. शिवाय त्यांना पोटात अल्सर होता. एका वेळी पोटभर खाता येत नसे. दही, दूध, थोडा गूळ किंवा मध, तेही थोडं थोडं करून. म्हणजे ज्या माणसाला मी लोखंडाचा समजत होतो, तो आजच्या कुठल्याही हेल्थ चेकअपमध्ये नापास झाला असता.

संमेलन झाल्यावर ते तेलंगणात शिरले. आपला औरंगाबाद जिल्हाही तेव्हा त्याच हैदराबाद राज्यात होता, हे आपल्या पिढीला चटकन आठवत नाही. तेलंगणात कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा आणि सरकारची कारवाई यात गावं भरडली जात होती. १८ एप्रिलला विनोबा पोचमपल्लीला पोहोचले. तिथल्या हरिजन वस्तीतल्या ४० कुटुंबांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली. विनोबांकडे देण्यासारखं काय होतं? सरकारकडे अर्ज करू, असं त्यांच्या मनात आलं. मग त्यांनी जमलेल्या लोकांनाच विचारलं की तुमच्यापैकी कुणी यांना मदत करू शकेल का. गावातले रामचंद्र रेड्डी उभे राहिले आणि १०० एकर देतो म्हणाले.

विनोबांना त्या रात्री झोप लागली नाही. हे काय घडलं, यावरच ते विचार करत राहिले. त्यांनी जमीन मागायची असं काही ठरवून आणलं नव्हतं. त्यांनी फक्त गाडी न पकडता पायी यायचं ठरवलं होतं. पायी आले म्हणून त्या गावात थांबले, थांबले म्हणून वस्तीत गेले, गेले म्हणून मागणी झाली. बाकीचं पाचव्या कारणाने केलं. दुसऱ्या दिवसापासून ते गावोगाव जमीन मागू लागले आणि तेलंगणातून निघेपर्यंत सुमारे १२ हजार एकर जमीन मिळाली होती.

तेरा वर्षं

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नियोजन मंडळाशी बोलण्यासाठी नेहरूंनी त्यांना दिल्लीला बोलावलं. विनोबा पायीच निघाले आणि नोव्हेंबरमध्ये राजघाटावर पोहोचले. तिथून उत्तर प्रदेश, मग बिहार, बंगाल, ओडिशा, आंध्र, तामिळनाडू, केरळ, कर्नाटक, महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, पंजाब, काश्मीर, आसाम. १९६२ मध्ये तर तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातही १६ दिवस चालले, तिथेही लोकांनी जमीन दिली. सगळं मिळून ५० हजार किलोमीटरहून जास्त. पृथ्वीच्या परिघापेक्षा जास्त.

दिवसाचा क्रम साधा होता. पहाटे ३ वाजता उठायचं, प्रार्थना करायची, अंधारातच कंदील घेऊन निघायचं. दहाबारा मैल चालून ऊन चढायच्या आत पुढचं गाव गाठायचं. दुपारी लोकांना भेटायचं, बोलायचं, संध्याकाळी प्रार्थना, लवकर झोप. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मागणीही साधी होती. तुम्हाला पाच मुलं असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या.

आपण हा आकडा बघतो, ५० हजार किलोमीटर, आणि छाती दडपते. पण त्यांनी ५० हजार किलोमीटर कधी चाललेच नाहीत, असं मला आता वाटतं. ते रोज दहाबारा मैल चालले. आईच्या तांदळासारखं. एक तोळा मोजून गुणाकार करायचा नाही, दाणा दाणा वाहायचा.

आणि ते थांबलेही. हे मी अधोरेखित करून सांगतो, कारण प्रेरणादायी पोस्टमध्ये हा भाग गाळला जातो.

डिसेंबर १९५२ मध्ये बिहारमध्ये चांडिलला त्यांना जबरदस्त मलेरिया झाला. आधी औषध घेईनात. जीव जातो की काय अशी वेळ आली. सहकाऱ्यांनी, बिहारच्या नेत्यांनी विनवण्या केल्या. शेवटी त्यांनी औषध घेतलं. बरं वाटल्यावर पुन्हा चालायला लागले.

जुलै १९५९ मध्ये काश्मीरला जाताना पीरपंजालच्या पायथ्याशी पावसाने त्यांना अडवलं. समोर साडेतेरा हजार फुटांचा डोंगर, आणि हे ६३ वर्षांचे. त्यांनी काय ठरवलं? पावसामुळे डोंगर ओलांडता आला नाही, तर ती ईश्वराची इच्छा समजून पंजाबात परत जायचं. काहीही झालं तरी पार करणारच, अशी प्रतिज्ञा नाही. पाऊस थांबला आणि ते पायी पलीकडे गेले. पण परत फिरायची तयारी खरी होती.

पुढे १९६४ च्या एप्रिलमध्ये तेरा वर्षांनी ते पवनारला परतले. वय ६८. १९६५ मध्ये बिहारमध्ये पुन्हा यात्रा सुरू झाली तेव्हा शरीर साथ देईना, तर सरळ मोटारीत बसले. माझी पदयात्रेची परंपरा मोडेल, लोक काय म्हणतील, असलं काही नाही. पाय हे करण होते. करण बदललं, काम तेच राहिलं.

देवळाच्या दारात

आपण वारकऱ्यांच्या प्रदेशातले लोक, त्यामुळे ही गोष्ट सांगायलाच हवी.

सप्टेंबर १९५३ मध्ये बिहारमध्येच देवघरच्या वैद्यनाथ मंदिरात विनोबा हरिजनांना बरोबर घेऊन दर्शनाला गेले. पंड्यांनी काठ्यांनी हल्ला केला. विनोबांच्या डाव्या कानावर मार बसला आणि पुढे त्या कानाने ऐकू येईनासं झालं. ज्यांनी मारलं त्यांना शिक्षा होऊ नये, असं त्यांनी सांगितलं. १९५५ मध्ये जगन्नाथपुरीला त्यांच्याबरोबर एक फ्रेंच भगिनी होती. तिला प्रवेश नाही म्हटल्यावर विनोबाही दारातूनच नमस्कार करून परतले. १९५७ मध्ये केरळात गुरुवायूरला ख्रिस्ती सहकाऱ्यांना मनाई होती, तिथेही ते आत गेले नाहीत.

मग मे १९५८ मध्ये पंढरपूर. साने गुरुजींनी १९४७ मध्ये उपोषण करून हे मंदिर हरिजनांसाठी खुलं करवलं होतं. तेच साने गुरुजी, ज्यांनी धुळ्याला प्रवचनं लिहून घेतली होती. विनोबा आता सर्व धर्मांचे सोबती घेऊन येत होते. हा माणूस जबरदस्तीने आत घुसणार, अशी आवई उठली होती. पण विनोबा आधीपासून म्हणत होते की मी कुठेही बळजबरीने जाणार नाही. शेवटी मंदिराच्या लोकांनीच त्यांना बोलावलं. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती असे सगळे एकत्र विठ्ठलासमोर उभे राहिले. विनोबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

ओडिशातल्या दारापासून पंढरीच्या दारापर्यंत तीन वर्षं. दोन दारं बंद होती तिथून मुकाट मागे फिरले. तिसऱ्या ठिकाणी विठ्ठलाने आत घेतलं.

जमिनीचं काय झालं?

हा प्रश्न तुमच्यातल्या कुणीतरी कमेंटमध्ये विचारणारच, म्हणून आधीच. ५ कोटी एकरांचं उद्दिष्ट होतं. ४० लाख एकरांहून जास्त जमीन मिळाली. त्यातली बरीच खडकाळ होती, काही वादातली होती, काही देणाऱ्यांनी पुढे दिलीच नाही, आणि मोठा हिस्सा भूमिहीनांपर्यंत पोहोचलाच नाही. विनोबांचे चाहतेही हे नाकारत नाहीत. पुढे आणीबाणीच्या काळात त्यांनी घेतलेल्या भूमिकेवरही पुष्कळ टीका झाली. संत म्हटलं की सगळं यशस्वीच झालं पाहिजे, असं आपल्याला वाटतं. गीता तसं म्हणत नाही.

पण एक गोष्ट विसरू नका. लाखो एकर जमीन कायद्याने किंवा बंदुकीने न घेता, नुसती मागून मिळाली. मे १९६० मध्ये चंबळच्या खोऱ्यातल्या सुमारे २० डाकूंनी त्यांच्यापुढे शस्त्रं टाकली, तेव्हाही त्यांच्या हातात काही नव्हतं. फळ अपुरं होतं, पण चालणं खोटं नव्हतं.

काडी काडी

१९७० मध्ये विनोबांनी क्षेत्रसंन्यास घेतला, म्हणजे पवनार सोडून कुठे जायचं नाही असं ठरवलं. देशभर फिरलेला माणूस एका अंगणात राहिला. तिथे काय करायचे? सफाई. अंगणातली पानं, काड्या, कचरा एकेक करून वेचायचे. एक काडी उचलणं म्हणजे माळेचा एक मणी ओढणं, असं ते मानायचे.

इथे मी पुस्तक मिटलं. आईचा तांदळाचा दाणा, मुलाचं पाऊल, म्हाताऱ्याची काडी. सत्तर वर्षांत गोष्ट तीच राहिली होती. मला वाटत होतं की चालणं ही त्यांची साधना आणि अंगण झाडणं ही निवृत्ती. त्यांच्या लेखी फरक नव्हता.

१९८२ च्या नोव्हेंबरमध्ये हृदयविकाराचा झटका आला. त्यांनी अन्न, पाणी, औषध थांबवलं आणि १५ नोव्हेंबरला दिवाळीत शांतपणे देह ठेवला. वय ८७. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न जाहीर झालं.

आणि आमच्या घरात

आता परत श्लोकावर येतो. बाबांना पैठणला चालत जायचं आहे. कारणं पाच. पाच कारणांच्या यादीत मुलाचं ॲप्रूव्हल कुठेच नाही, हे मला काल रात्री दिसलं. मी स्वतःला त्यांच्या शरीराचा मालक समजून बसलो होतो. माझी भीती खरी आहे, तिला मी प्रेम म्हणतो, आणि ती आहेही. पण रिपोर्टमधले आकडे मी त्यांच्या काळजीने वाचले नव्हते. मला वाद जिंकायचा होता.

दुसरी बाजूही तेवढीच खरी. मी ५० किलोमीटर चालणारच, असा हट्ट धरला तर तोही एकट्या स्वतःला कर्ता समजणंच झालं. अधिष्ठान, म्हणजे शरीर, यादीत पहिलं आहे. त्याला विचारल्याशिवाय कसं चालेल?

म्हणून आज पहाटे मी बाबांच्या खोलीत गेलो. ते जागेच होते. आधी त्या रात्रीबद्दल माफी मागितली. मग म्हणालो, बाबा, उद्या डॉक्टरांकडे जाऊ, तुम्ही स्वतः त्यांच्याशी बोला, मी मध्ये काही बोलणार नाही. ते जेवढं म्हणतील तेवढं चालू. बिडकीनपासून म्हणाले तर बिडकीनपासून, ढोरकीनपासून म्हणाले तर ढोरकीनपासून. नुसतं मंदिराजवळच्या रस्त्यापासून म्हणाले तर तिथून. मार्चचं ऊन आहे, म्हणून पहाटे चारला निघायचं. गाडी मागे राहील, आई गाडीत बसेल. मी तुमच्याबरोबर चालतो.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, तुला सुट्टी मिळेल का?

मला हसू आलं आणि रडूही. मी म्हटलं, रजा टाकतो.

मंडळी, पैठणचेच नाथ. काशीहून गंगेची कावड रामेश्वराला नेत होते आणि वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला त्यांनी ते पाणी पाजलं, ही गोष्ट आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. कावड रामेश्वरला पोहोचली नाही असं कुणी म्हणत नाही. आमचंही तसंच. ५० किलोमीटर होतात की ५, ते डॉक्टर, गुडघा आणि नाथ मिळून ठरवतील. आमच्या वाट्याला पाऊल आहे.

तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस अशीच काही इच्छा धरून बसलं असेल, तर आजच्या दिवसात एक करा. त्यांना हो किंवा नाही म्हणण्याआधी शेजारी बसून विचारा की त्यांना नेमकं कुठे जायचंय आणि का. उत्तर ऐकून घ्या. तोपर्यंत मोबाईल खिशात ठेवा.

उद्या श्लोक १८.१५.

राम कृष्ण हरी. जय जगत.